स्वल्प लाइन धरा

बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसच्या गल्लीत फुलांचा बाजार भरतो आणि त्या बाजाराच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, सोयरीक वधू-वर केंद्राची एक खोली आहे. जिना चढताना पायरीगणिक वास बदलत जातो. खाली शेवंती, मधल्या वळणावर मोगरा, आणि वर पोचलं की जुना कागद, डिंक आणि फिल्टर कॉफी. गेली सहा वर्षं वसुमती हा जिना रोज दहाला चढायची आणि दोनला उतरायची. वय चौसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, पाठ अजून ताठ, आणि आवाज असा की फोनवर ऐकणाऱ्याला पलीकडे पंचविशीतली कुणी आहे असं वाटावं. तिचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. त्यावरून कुणी छेडलं तर ती हसून म्हणायची, "वाढणारीनं शेवटी बसायचं असतं गे. पंगत संपू दे की."

पंगत काही संपत नव्हती. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी इथे येऊन इथलीच झालेली मराठी घरं आणि परवा पुण्या-नागपुराहून आयटीत आलेली पोरं, सगळ्यांचे आईबाप हाच जिना चढायचे. वर एक कॉम्प्युटर होता. त्यात केंद्राची सगळी स्थळं होती, आणि पूर्वीच्या लोखंडी पेट्यांतली चार हजार जुनी कार्डंसुद्धा गेल्या वर्षी फोटो काढून, अक्षर न् अक्षर टाइप करून त्यात भरली होती. भरणं झालं, पण काढणं जमेना. शोधायला गेलं की पडद्यावर अकरा चौकोन यायचे. नोंदणी क्रमांक, गोत्र, नक्षत्र, नाडी, उंची सेंटीमीटरमध्ये. एक जरी रिकामा राहिला तरी लाल अक्षरं उमटायची: कोणतीही नोंद आढळली नाही.

एकदा वीणाबाई नावाच्या एक आई लेकीसाठी मुलगा शोधायला बसल्या. त्यांनी गोत्राच्या चौकोनात लिहिलं, 'मुलगा शांत हवा. आईचं ऐकणारा, पण फार नाही.' लाल अक्षरं आली. बाई बिचाऱ्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बघा अक्का, असा मुलगाच नाही म्हणतंय."

म्हणून केंद्राच्या मंडळानं आश्लेषाला बोलावलं.

आश्लेषा मूळची पुण्याची, राहायला बेळ्ळंदूरला, नोकरी महादेवपुऱ्यात. तिचं कामच ते होतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या डेटाबेसमध्ये साध्या माणसाला हवं ते चटकन सापडावं, एवढ्यासाठी तिला पगार मिळायचा. इथे मात्र ती शनिवारी फुकट यायची. पहिल्याच दिवशी दीड तासाच्या ट्रॅफिकनं विटून ती दारात उभी राहिली आणि नाव सांगितलं, तशी वसुमती खुर्चीतून अर्धी उठली.

"आश्लेषा? वधू-वर केंद्रात? अगं, ह्या नक्षत्राची सून म्हटलं की सासवा चपला न घालता जिना उतरतात!"

"जन्मनक्षत्र नाहीये हो माझं. आईला नाव आवडलं, बस."

"सरी, सरी. तसं कार्डावर लिहून ठेवते, नाव केवळ आवडीखातर," वसुमती म्हणाली, आणि दोघी पहिल्याच कॉफीला एकमेकींच्या झाल्या.

आश्लेषाची रीत वेगळी होती. तिनं कॉम्प्युटरला हातही लावला नाही. चार शनिवार नुसती कोपऱ्यात बसून राहिली आणि आलेली माणसं काय बोलतात ते वहीत लिहीत गेली. मग वसुमतीला विचारायची, "अक्का, 'शांत मुलगा' म्हणजे नक्की काय हवं असतं त्यांना?"

"पीत नाही तो शांत. फोटोत शांत सगळेच असतात."

"आणि 'माणसं साधी आहेत'?"

"सोनं मागणार नाहीत. पण दिलं तर घेतील."

"आणि 'घरी विचारून कळवतो'?"

"नको."

"म्हणजे सांगायचं नाहीये तुम्हाला?"

"अगं, अर्थच तो. 'कळवतो' म्हणजे नको. 'पत्रिका बघू' म्हणजे नको. 'मुलीला अजून शिकायचंय' म्हणजेही नकोच. आमच्याकडे नको हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, नुसता दाराबाहेर ठेवून जातात."

आश्लेषा हसत सुटली. "अक्का, तुम्ही माझ्या डिक्शनरी आहात. आता बघा, अकरा चौकोन जाणार. एकच लांब चौकोन ठेवणार. माणसानं बोलावं तसं त्यात लिहायचं. स्पेलिंग चुकलं, काना-मात्रा राहिली तरी समजून घ्यायचं. जवळजवळचे शब्द एकाच टोपलीत टाकायचे. होकाराची एक टोपली, नकाराची एक."

वसुमतीनं मान डोलावली, पण तिच्या छातीत कुठेतरी जुनी तार झणकली. कारण त्या चार हजार कार्डांत एक कार्ड तिचं होतं.

एकोणीसशे त्र्याऐंशी साल. वसुमती तेवीस वर्षांची, ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या. इकडची दोरी तिकडे खोचली की बेंगळुरू मुंबईशी बोलायचं. कानडी माणसाला ती 'स्वल्प होल्ड माडी', म्हणजे जरा थांबा, म्हणायची, आणि आवाजावरून पलीकडे मराठी माणूस ओळखला की 'स्वल्प लाइन धरा'. त्या वर्षी केंद्रामार्फत एक स्थळ तिला बघायला आलं. पद्मनाभ त्याचं नाव, घड्याळाच्या कारखान्यात खरेदी खात्यात होता. उप्पीट झालं, केळी झाली, मोठ्यांचं बोलणं झालं. तो खाली मान घालून बसला होता. वडील म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं तर विचारा." तशी त्यानं मान वर केली आणि विचारलं, "ट्रंक कॉलला 'स्वल्प लाइन धरा' म्हणणाऱ्या तुम्हीच का?"

वसुमतीला इतकं हसू आलं की हातातला तांब्या हिंदकळला. दोन वर्षं तो रोज अकराला मुंबईला फोन लावायचा. दोन वर्षं ते एकमेकांच्या कानाशी होते.

केंद्राची तेव्हाची रीत अशी, की आधी मुलाकडच्यांनी छापील कार्डावर एका ओळीत उत्तर लिहून पाठवायचं. होकार आला तर तेच कार्ड मुलीकडे जायचं, तिनं तिच्या ओळीत उत्तर लिहायचं. नकार आला तर सेक्रेटरी तोंडी कळवायचे आणि कार्ड पेटीत जायचं. त्या वर्षी सेक्रेटरी होते श्रीहरीराव, पुण्याहून नुकतेच बदलीवर आलेले, तीन महिन्यांत परत गेलेही. त्यांनी वसुमतीच्या वडलांना फोन करून सांगितलं, "त्यांनी सॉरी लिहिलंय हो."

वडलांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसले. आई आत कोथिंबीर निवडत होती. त्या रात्री भांडी लावताना ती स्वतःशीच गुणगुणली,

सांगावा धाडिला । वाऱ्याच्या गं हाती
कुणाच्या कानाशी । उतरला

त्यानंतर आलेल्या स्थळांना वसुमतीनंच 'पत्रिका बघू' म्हणायला सुरुवात केली. आठ वर्षांनी एकदा संपिगे रोडवर तिला पद्मनाभ दिसला, स्कूटरवर, पुढे चार वर्षांची मुलगी उभी. सिग्नलला दोघांची नजर भिडली आणि त्यानं मान खाली घातली, तशीच, बघायला आला होता तेव्हासारखी. वसुमतीला वाटलं, नको म्हटल्याची लाज वाटली असेल बिचाऱ्याला. तिला त्याचा राग कधीच आला नव्हता. तिला फक्त एक हवं होतं. त्यानं सॉरी कसं लिहिलं, ते बघायचं होतं. अक्षर घाईचं होतं की थांबून थांबून लिहिलेलं, पुढे आणखी एखादा शब्द होता का, खोडलेला तरी. ज्यानं आवाज ओळखला त्यानं नाही म्हणताना काय म्हटलं असेल, हे एकेचाळीस वर्षं तिच्या मनात दिव्याच्या काजळीसारखं साचत गेलं होतं. लोखंडी पेट्यांना हात लावायची सोय नव्हती, कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं? आणि कॉम्प्युटरला हवा होता नोंदणी क्रमांक. तो तिला कोण देणार?

पाचव्या शनिवारी आश्लेषानं शोधायची नवी सोय करून दाखवली. पडदा मोकळा, मधोमध एक लांब चौकोन, त्यात फिकट अक्षरं: काय शोधताय, सांगा.

"आधी एक टेस्ट," ती म्हणाली आणि तिनं लिहिलं, 'दोन्हीकडून होकार पण लग्न झालं नाही'. उत्तर आलं, शून्य. "बरोबर. शून्यच यायला हवं. दोघंही हो म्हणाले तर लग्न होणारच ना? याच्यावरून कळतं की डेटा नीट भरलाय."

"होय की," वसुमती म्हणाली. "दोघांनी होय म्हटल्यावर अडतं कुठे?"

आश्लेषा खाली कॉफी आणायला गेली. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज विरला तशी वसुमती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत तिनं लिहिलं: घड्याळाच्या कारखान्यातला पद्मनाभ टेलिफोनच्या मुलीला बघायला आला होता. क्रमांक नाही, गोत्र नाही, नाडी नाही. 'टेलिफोनची मुलगी' म्हणजे 'टेलिफोन खात्यात नोकरी' हे आश्लेषानं मशिनला कधी शिकवून ठेवलं होतं, देव जाणे. क्षणात एक ओळ उमटली.

पद्मनाभ. वय २७. सन १९८३. वरपक्षाचे उत्तर: नकार.

खाली छोटं बटण होतं, 'मूळ कार्ड पाहा'. वसुमतीचं बोट त्याच्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. नकार. इतक्या वर्षांनी, इतक्या स्वच्छ अक्षरांत. आता अक्षर बघून काय करायचं? जिन्यावर पावलं वाजली. तिनं चौकोन पुसून टाकला.

"काय शोधलंत?" स्टीलचा पेला पुढे करत आश्लेषानं विचारलं.

"काही नाही गे. सापडतंय चांगलं."

कॉफी पीत पीत आश्लेषानं टोपल्या उघडल्या. "आता तुम्ही तपासा. ही नकाराची. मी सुरुवातीचे शब्द दिले, बाकीचे मशिननं अक्षरांच्या जवळिकीवरून स्वतः गोळा केलेत. कळवतो, पत्रिका बघू, क्षमस्व, योग नाही. आणि हे सॉरी. सॉरी लोकांनी काय काय लिहिलंय बघा. सोरी, सारी, सरी. सरीची तर अकरा कार्डं आहेत."

वसुमतीनं पेला खाली ठेवला. "सरी?"

"हो. काना आणि चंद्र दोन्ही विसरलेत. पण मशिननं ओळखलं."

"अगं वेडे, सरी म्हणजे सॉरी नव्हे!" वसुमती इतकी हसली की तिला ठसका लागला. "सरी म्हणजे बरं. ठीक. होय! कानडी आहे ते. मी दिवसातून शंभरदा म्हणते, तुझ्याशीसुद्धा म्हणते. आमच्या जुन्या घरांत होकार लिहायचा तर हाच शब्द. तुला पहिल्याच दिवशी काय म्हटलं मी? सरी सरी."

"अय्यो," आश्लेषा म्हणाली. हा शब्द तिनं बेंगळुरात येऊन उचलला होता. "म्हणजे मी अकरा जणांचे होकार नकारात टाकले? मला वाटायचं तुम्ही माझी माफी मागताय, आणि का ते कळायचं नाही!"

"पुणेकरांची माफी कोण मागतंय!"

"थांबा, लगेच बदलते. आधी अकराही बघून घेऊ." तिनं यादी उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागली. "एकोणीसशे एकाहत्तर, सरी, शिक्का 'जमले'. चौऱ्याहत्तर, सरी, जमले. अठ्ठ्याहत्तर, जमले. बाप रे, या सगळ्यांची लग्नं झालीत आणि मशिन म्हणतंय नकार. एक्क्याऐंशी, जमले." वसुमती अजून हसतच डोळे पुसत होती. "त्र्याऐंशी, सरी. याच्यावर शिक्का नाहीये. मुलीची ओळ कोरीच आहे. मुलगा पद्मनाभ, घड्याळ कारखाना. मुलगी वसुमती, टेलिफो..."

ती थांबली. हळूच मान वळवून तिनं बघितलं.

वसुमतीचं हसू ओठांवरच राहिलं होतं, कुणी काढायचं विसरल्यासारखं. खाली बाजारात कुणीतरी मोगऱ्याचा भाव ओरडत होतं. "उघड ते," ती म्हणाली.

आश्लेषानं बटण दाबलं. पिवळं पडलेलं कार्ड पडद्यावर आलं. वरपक्षाच्या ओळीत निळ्या शाईत दोनच वळणदार अक्षरं होती आणि पुढे पूर्णविराम. सरी. अक्षर घाईचं नव्हतं. दुसऱ्या अक्षराची वेलांटी लांब ओढलेली होती, ओळीच्या बाहेर गेलेली, हसणाऱ्या माणसानं ओढावी तशी.

वसुमतीनं पडद्यावरच्या त्या वेलांटीवरून बोट फिरवलं.

"श्रीहरीराव पुण्याचे होते," वसुमती शेवटी म्हणाली. "येऊन महिना झाला नव्हता. त्यांनी सॉरी वाचलं."

"अक्का..." आश्लेषाचा चेहरा पडला. "मीही तेच वाचलं."

"तू आज वाचलंस आणि मी शेजारी होते, म्हणून कळलं तरी." वसुमतीनं तिच्या मनगटावर हात ठेवला. मग तो हात तसाच राहिला, कारण तिला एकदम संपिगे रोड आठवला होता. सिग्नल, स्कूटर, खाली घातलेली मान. "म्हणजे तो वाट बघत होता गे. त्यानं होय लिहून दिलं, आणि आमच्याकडून काहीच गेलं नाही. मुलाकडच्यांनी दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. त्याला वाटलं, मी नको म्हटलं. लाज त्याला नव्हती वाटली. त्याला..." एवढ्या शब्दांचे अर्थ सांगणारी बाई त्या एका शब्दापाशी गप्प झाली.

आश्लेषा हळू आवाजात म्हणाली, "शोधू या का त्यांना? नवीन नोंदींत त्यांच्या घरातलं कुणीतरी असेल. मुलगी, नातवंडं. एक वाक्य लिहायचं, मिळतील."

वसुमतीनं खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गॅलरीत कुणी धुतलेली साडी झटकत होतं. एक क्षण तिच्या ओठांवर होय आलं होतं. ते आश्लेषाला स्पष्ट दिसलं.

"नको," ती म्हणाली. "त्याची लाइन दुसरीकडे जोडली गेली, बोलणंही सुरू झालं. चालू लाइन मध्येच तोडायची नाही, हा आमच्या खात्यात पहिला नियम होता. त्याच्या बायकोनं काय करायचं ह्या कार्डाचं?" थोडं थांबून ती पुन्हा बोलली, "पण माझं उत्तर राहिलंय."

"म्हणजे?"

"मुलीची ओळ कोरी आहे म्हणालीस ना. मला कुणी विचारलंच नव्हतं गे. त्यात लिहिता येतं का अजून?"

आश्लेषानं नोंद उघडली आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. 'वधूपक्षाचे उत्तर' या शब्दांपुढे कर्सर उघडमीट करत होता. वसुमतीनं पदराला बोटं पुसली, तेवीस वर्षांची असताना पुसली असती तशी. स. मग र. वेलांटी कुठे असते ते तिला सापडेना. आश्लेषानं बोट दाखवलं, पण दाबलं नाही. वसुमतीनं स्वतः दाबलं.

मग आश्लेषानं 'सरी' नकाराच्या टोपलीतून काढून होकाराच्या टोपलीत टाकला. यंत्रानं चार हजार कार्डं पुन्हा एकदा चाळली. तिनं सवयीनं मघाचीच टेस्ट लावली: दोन्हीकडून होकार पण लग्न झालं नाही.

एक नोंद आढळली.

"इथे शून्य यायला हवं होतं," ती पुटपुटली, आणि मग घाईनं म्हणाली, "मंडळाला दाखवताना ते विचारतील. झाकून ठेवू का ही नोंद?"

"कशाला? खरी आहे की. सापडू दे."

इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. वसुमतीनं उचलला. पलीकडे वीणाबाई होत्या, वसुमतीनं मागाहून सुचवलेल्या शांत मुलाकडून काही उत्तर आलं का, विचारत होत्या. उत्तर सकाळीच आलेलं होतं, कागद समोरच होता. वसुमतीनं तो हातात घेतला, पण तिची नजर अजून पडद्यावर होती, एकाखाली एक लिहिलेल्या त्या दोन सारख्या शब्दांवर.

"स्वल्प लाइन धरा हं," ती फोनमध्ये म्हणाली.